किती देते? पुण्याच्या रस्त्यांवरच्या ॲव्हरेजचा हिशोब

पुण्यात गाडीच्या ॲव्हरेजबद्दल सहसा कोणी खोटं बोलत नाही. जो तो फक्त आपल्या सोयीचा रस्ता निवडतो. ‘किती देते?’ असं विचारलं की समोरचा माणूस कोल्हापूरला गेला होता त्या वेळचा आकडा सांगतो. ‘लिटरला एकवीस किलोमीटर दिलं, तेही एसी लावून.’ रोज वाकडहून हिंजवडी फेज तीनला जाताना तीच गाडी अकरा देते, हे त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं. शोरूमच्या माहितीपत्रकात तिसराच आकडा असतो, चोवीस वगैरे. गाडी एक, चालवणारा एक आणि आकडे तीन. गंमत म्हणजे तिन्ही खरे असू शकतात.

आधी चोवीसचं पाहू, कारण त्याचं माहेर पुण्यातच आहे. वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचं आवार पाठ असतं. निम्मं कोथरूड त्या टेकडीलाच ‘एआरएआय टेकडी’ म्हणतं. संस्था १९६६ सालची. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ‘एआरएआय प्रमाणित’ असं लिहिलेलं असतं, ते हिच्याच नावाने. (हरियाणातल्या मानेसरची आयकॅट ही संस्थाही असं प्रमाणपत्र देते, पण ते नाव आपल्याकडे कोणाच्या तोंडी नाही.)

या चाचणीत गाडी रस्त्यावर येतच नाही. बंद खोलीत तिची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. रोलर मागे किती जोर लावणार, हे गाडीचं वजन आणि हवेचा अपेक्षित विरोध धरून आधीच ठरवलेलं असतं. खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या मध्ये राखतात. मग चालक समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. हा सगळा कार्यक्रम सुमारे वीस मिनिटांचा असतो आणि त्यात गाडी साडेदहा किलोमीटरच्या आसपास ‘धावते’. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून आलेला धूर पिशव्यांमध्ये गोळा करतात, त्यातला कार्बन मोजतात आणि तेवढा कार्बन बाहेर पडायला किती इंधन जळालं असेल ते काढतात. पद्धत पक्की आहे, त्यात लबाडीला फारसा वाव नाही.

मग फरक कुठून येतो? ‘पुण्यात ट्रॅफिक आहे म्हणून’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. चाचणीतल्या शहरी भागाचा सरासरी वेग ताशी १९ किलोमीटरच्या आसपास आहे. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागतात असं दिलं होतं, म्हणजे ताशी १८. सरासरी वेगात प्रयोगशाळा आणि पुणं जवळपास बरोबरीत आहेत! खरी तफावत इतर गोष्टींत आहे. चाचणीत एसी बंद असतो. चढ नसतो. गाडीत चार माणसं आणि डिकीत गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं नसतं. वेग वाढवायचा तो इतका सावकाश, की नळ स्टॉपच्या सिग्नलला तसा वाढवला तर मागचा हॉर्नवरचा हात काढणार नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, साडेदहा किलोमीटरपैकी शहरी भाग जेमतेम चार किलोमीटरचा. उरलेला भाग मोकळ्या रस्त्याचा, तिथेही वेग ९० च्या वर जात नाही. म्हणजे ज्याचं निम्म्याहून जास्त फिरणं शांत हायवेवर, सपाटीवर आणि एसी न लावता होतं, त्याला माहितीपत्रकातला आकडा मिळायला हरकत नाही. असा माणूस पुण्यात शोधावा लागेल.

त्या आकड्याचा उपयोग एवढाच, की दोन गाड्यांची आपसात तुलना करता येते. एकीचा २४ आणि दुसरीचा १८ असेल, तर तुमच्या रस्त्यावरही पहिली जास्तच देईल. किती जास्त, ते विचारू नका. आणि सरकारला तो कार्बनच्या हिशोबासाठी लागतो. २०२२-२३ पासून प्रत्येक कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्या मिळून किलोमीटरमागे सरासरी कार्बन डायऑक्साइड ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवायचा, असा नियम आहे. जाहिरातीतला आकडा आणि हा नियम एकाच चाचणीवर उभे आहेत.

पेट्रोल जातं कुठे

आता अकराचं पाहू. समजा वाकडहून कामावर जायचं अंतर आठ किलोमीटर आहे. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, चालत असताना लिटरला १५ देणारी. आठ किलोमीटरला साधारण ५३० मिलिलीटर पेट्रोल लागलं. पण या पन्नास मिनिटांच्या प्रवासात वीस मिनिटं गाडी जागेवर उभी होती, एसी चालू. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. मधला ०.८ धरला तर वीस मिनिटांचे २७० मिलिलीटर झाले. एकूण ८०० मिलिलीटर, अंतर आठ किलोमीटर. लिटरला बरोबर दहा. गाडीत काहीही बिघडलेलं नाही, मेकॅनिककडे जाऊन उपयोग नाही. उभ्या असलेल्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं, आणि तो शून्य आपण रोज हिशोबात मिसळतो.

थांबण्याइतकंच महाग आहे थांबून पुन्हा निघणं. चालकासकट बाराशे किलोची गाडी ताशी ५० ला नेण्यासाठी इंजिनाने जी ऊर्जा खर्च केली, ती ब्रेक दाबताच डिस्क तापवून हवेत गेली. शाळेतलं सूत्र वापरून पाहा. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. इंजिन शहरात पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं हेही धरा. पन्नासवरून शून्यावर आणलेल्या प्रत्येक ब्रेकची किंमत येते सुमारे १५ मिलिलीटर पेट्रोल. वेग तीस असताना ब्रेक मारला तर पाच-सहा मिलिलीटर. सिंहगड रोडवर पुढचा सिग्नल लाल दिसत असताना जोरात गाडी पळवून थेट झेब्रा क्रॉसिंगवर दाबून थांबणारे लोक दर सिग्नलला दोन-तीन चमचे पेट्रोल ओतून जातात. आधीच पाय उचलला असता तर गिअरमध्ये असलेली आधुनिक गाडी इंजेक्टर बंद करते आणि त्या शंभर-दीडशे मीटरसाठी पेट्रोल जवळजवळ शून्य जातं. ॲव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या, चुंबक आणि पावडरी विकणाऱ्यांपेक्षा हा उजवा पाय जास्त कामाचा आहे.

लहान अंतराचा आणखी एक जाच असतो. कर्वेनगरहून डेक्कनला तीन-चार किलोमीटर जायचं, काम करून दोन तासांनी परत यायचं. दोन्ही वेळा इंजिन थंड. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, ऑइल घट्ट असतं आणि गाडी नीट तापायच्या आत आपण पोहोचलेले असतो. ‘गाडी फार फिरत नाही, तरी ॲव्हरेज देत नाही’ ही ज्येष्ठ मंडळींची तक्रार यातून येते. फार फिरत नाही म्हणूनच देत नाही.

हायवेवर हिशोब पालटतो. थांबणं नाही, ब्रेक नाही, पण हवा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीच्या थोडा पुढे जातो, १२० ला सव्वादोनपट होतो. म्हणून कोल्हापूरला ८०-९० ने जाणारा एकवीस सांगतो आणि त्याचाच भाऊ तीच गाडी नेऊन सोळा घेऊन येतो. वर कॅरिअरला गाद्या बांधल्या असतील तर आणखी कमी.

घाट

पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि ही गोष्ट पुणेकर ॲव्हरेजच्या गप्पांत कायम विसरतात. मुंबईला जाताना गाडी जास्त देते, येताना कमी. हवेची दिशा, पंपाची लबाडी, एसी, असं काहीबाही कारण काढलं जातं. कारण साधं आहे. येताना बाराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर उचलावी लागते. त्याला निव्वळ उचलण्यासाठी सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जादा लागतं. जाताना त्यातलं थोडं परत मिळतं, सगळं नाही, कारण बोरघाटाच्या उतारावर आपण ब्रेक दाबतच उतरतो. तेव्हा मुंबईचा आकडा सांगायचा तर जाऊन-येऊन सांगावा. एकाच बाजूचा आकडा ऐकला की समजावं, माणूस उतारावर आहे.

उतारावरून आठवलं. न्यूट्रलमध्ये टाकून उतरलं की डिझेल वाचतं हा समज जुन्या गाड्यांच्या काळातला, आणि तो आजही सांगितला जातो. इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडणाऱ्या गाडीत तो उलटा आहे. गिअरमध्ये पाय उचलून उतरलात तर इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं आणि इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, वर इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. ट्रकवाल्यांपैकी काही जण तर इंजिनच बंद करतात. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनावरचा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद असताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की हवा उतरत जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

सरासरीची चूक

आता जरा गणित, पण चौथीतलंच. गाडी शहरात १० देते आणि हायवेवर २०. महिन्यात शंभर किलोमीटर शहरात फिरलात, शंभर हायवेवर. ॲव्हरेज किती? दहापैकी नऊ जण पंधरा म्हणतील. पण शहरात दहा लिटर गेलं, हायवेवर पाच. पंधरा लिटरमध्ये दोनशे किलोमीटर, म्हणजे १३.३. किलोमीटर-प्रति-लिटर या आकड्यांची बेरीज करून दोनने भागता येत नाही. लिटरची बेरीज करावी लागते.

याच गणिताची दुसरी बाजू खिशाला जास्त जाणवते. एकाने १८ देणारी गाडी विकून २२ देणारी घेतली. दुसऱ्याने ८ देणारी जुनी एसयूव्ही विकून १० देणारी घेतली. कोणाचं जास्त वाचलं? पहिल्याला आकडा चारने वाढल्याचा आनंद, दुसऱ्याला लोक हसतात. हजार किलोमीटरचा हिशोब करा. पहिल्याचं ५५.६ लिटरवरून ४५.५ झालं, दहा लिटर वाचलं. दुसऱ्याचं १२५ वरून १०० झालं, पंचवीस लिटर वाचलं. युरोपात लोक ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं विचारतात ते यासाठी बरं पडतं. आपल्याकडे ती सवय लागणार नाही, पण गाडी बदलताना तरी आकडा उलटा करून पाहावा.

आणि जिथे आकडा लहान, तिथे तो जास्त बोलतो. म्हणून आता ट्रक.

साडेतीनची गाडी

कारवाला ॲव्हरेजवर गप्पा मारतो, ट्रकवाल्याचं घर त्यावर चालतं. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा मार्केट यार्डाबाहेर उभं राहिलं तर ‘चारची गाडी’, ‘साडेतीनची गाडी’ असं कानावर पडतं. लोड भरलेली दहाचाकी लिटरला साडेतीन ते साडेचार किलोमीटर देते, मोठा ट्रेलर तीनच्या आसपास. चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पोहोचवणारा छोटा हत्ती पंधराच्या मागेपुढे देतो, पिकअप दहा-बारा. कारच्या मालकाला अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे झाला तर कळतही नाही. ट्रकमध्ये साडेतीनचे चार झाले तर हजार किलोमीटरमागे ३६ लिटर डिझेल वाचतं. महिन्याला सात-आठ हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीत यावर ड्रायव्हरचा पगार निघतो.

पुण्याच्या ट्रकचं ॲव्हरेज घाट ठरवतो, आणि तेही माल कोणत्या दिशेला चाललाय त्यावर. चाकणहून न्हावाशेवा बंदरात निर्यातीचा कंटेनर नेणारा ट्रेलर भरलेला खाली उतरतो आणि रिकामा वर येतो. आयातीचा माल आणणारा रिकामा उतरतो आणि भरलेला वर चढतो. रस्ता एकच, अंतर एकच, वजनही समजा एकच. पण २५ टन माल साडेपाचशे मीटर वर आणायला नुसत्या उचलण्याचं डिझेल दहा लिटरच्या घरात जातं. खाली नेताना ती ऊर्जा ब्रेकमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकमध्ये (धूर कोंडून इंजिनाकरवी गाडी रोखणाऱ्या) जिरते, परत मिळत नाही. म्हणजे आयातीवर असलेला ड्रायव्हर निर्यातीवरच्या ड्रायव्हरपेक्षा दर फेरीला आठ-दहा लिटर जास्त जाळणार, कितीही हुशारीने चालवली तरी. दोघांना एकच ॲव्हरेज बांधून देणाऱ्या मालकाला हे कळलेलं नसतं, किंवा कळूनही तो कळून घेत नाही.

बांधून देण्यातच आणखी एक भानगड आहे. मालक म्हणतो, भरलेली तीन देते, रिकामी पाच देते, म्हणजे जाऊन-येऊन चार. सव्वाशे किलोमीटर जाणं, सव्वाशे येणं, अडीचशे भागिले चार, साडेबासष्ट लिटर. ड्रायव्हर म्हणतो सदुसष्ट लागलं. साडेचार लिटरचा फरक, म्हणजे याने डिझेल विकलं! पण मघाचं चौथीतलं गणित लावा. जाताना ४१.७ लिटर, येताना २५. एकूण ६६.७. ड्रायव्हर खरं बोलत होता. डिझेलची चोरी होते, रस्त्याकडेच्या ढाब्यावर कॅन भरलेले दिसतात, त्याबद्दल वाद नाही. पण कित्येक भांडणं चोरीची नसून भागाकाराची असतात, असं मला वाटतं.

ब्रेकचा मघाचा हिशोब ट्रकला लावला की डोळे पांढरे होतात. २०१८ साली केंद्राने आसांवर (ॲक्सलवर) येणाऱ्या वजनाची मर्यादा वाढवली, त्यानुसार सहाचाकी ट्रकचं मालासकट वजन साडेअठरा टनांपर्यंत चालतं. असा ट्रक पन्नासच्या वेगात असताना समोर रिक्षा आडवी आली आणि पूर्ण थांबावं लागलं, तर पुन्हा पन्नासला पोहोचायला सुमारे १४० मिलिलीटर डिझेल लागतं. नव्वद रुपये भाव धरला तर एका ब्रेकचे बारा-तेरा रुपये. भोसरी ते चाकण रस्त्यावर असे ब्रेक किती लागतात ते तिथून जाणाऱ्यांना विचारा. शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी असते तेव्हा वेशीवर ताटकळणारे ड्रायव्हर इंजिन चालू ठेवत असतील, तर मोठं इंजिन तासाला दोन-तीन लिटर उभ्याउभ्या जाळतं. बीएस-६ या धुराच्या नव्या नियमातल्या गाडीला धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च वेगळा.

एक गोष्ट मात्र ट्रकवाल्यांना बरोबर कळते आणि कारवाल्यांना नाही. रिकामी गाडी सहा देते म्हणून खूश व्हायचं नसतं. किलोमीटरमागे डिझेल कमी गेलं तरी टनामागे काहीच कमावलं नाही. परतीचं भाडं मिळालं आणि गाडी चारवर आली, तरी तो दिवस चांगला. याच हिशोबातून जादा लोड भरण्याचा मोहही येतो, आणि त्याची किंमत टायर, पाटे आणि रस्ता चुकवतो.

पेट्रोलच बदललंय का?

गेल्या दोन वर्षांत प्रत्येक गप्पेत हा विषय येतोच. पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. तेव्हा मिश्रणात ऊर्जा कमी येणार, यात मताचा प्रश्न नाही. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण सात टक्के, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या इंजिनांना एक-दोन टक्के घट येईल असं म्हटलं होतं.

यातून दोन्ही बाजूंच्या लोकांना थोडं थोडं गप्प करता येतं. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांना सांगावं की पडतो. आणि ‘सोळाची गाडी अकरावर आली’ म्हणणाऱ्यांना सांगावं की इथेनॉलने ती पंधरा-साडेपंधरावर येईल. उरलेले चार किलोमीटर दुसरीकडे शोधा. टायरची हवा, घासणारा ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर, नाहीतर घरासमोर सुरू झालेलं मेट्रोचं काम. पुणे जिल्ह्यात ज्याचा ऊसही आहे आणि जुनी गाडीही आहे, त्याला या विषयावर नक्की काय वाटावं हे ठरवणं अवघड जातं, एवढं खरं.

सीएनजीचं ‘किती देते’ हे पेट्रोलच्या ‘किती देते’ शी लावूच नये, कारण एक किलोत मोजलं जातं आणि दुसरं लिटरमध्ये. एका किलो सीएनजीत लिटरभर पेट्रोलच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे आकडा मोठा दिसणारच. रुपयांत या. गाडी पेट्रोलवर १६ आणि सीएनजीवर २२ देत असेल, भाव हिशोबापुरते १०५ आणि ९० धरले, तर किलोमीटरला साडेसहा रुपये विरुद्ध चार. महिना हजार किलोमीटर असेल तर अडीच हजारांचा फरक. त्यातून रांगेतला वेळ वजा करायचा. पंपाचा दाब कमी असला किंवा भरताना गॅस तापला की टाकी ‘फुल’ म्हणते, पण आत किलो-दीड किलो कमी असतो. उन्हाळ्यात दुपारी भरणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे.

डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त असते आणि इंजिनही तिचा बरा वापर करतं. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला गाडी ओढणारी विजेची मोटर असलेल्या गाड्यांचा मामला सगळ्यांहून उलटा आहे. त्या शहरात जास्त देतात, हायवेवर कमी. सिग्नलला इंजिन बंद होतं आणि ब्रेकमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेतला काही भाग बॅटरीत परत येतो. म्हणजे हिंजवडीच्या जाममध्येही हायब्रिडवाला हसताना दिसतो.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा हा गाडीचा अंदाज असतो, आणि तो सहसा मालकाच्या मनाला बरा वाटेल अशा बाजूला झुकलेला असतो. नीट मोजायचं तर टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, मनसोक्त फिरा, पुन्हा फुल करा, किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. दोन्ही वेळा पंप तोच, शक्यतो नोझलही तेच, आणि पहिल्या कट-ऑफला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथे, थांबायचं. ‘राउंड फिगर करू का साहेब’ ला नको म्हणायचं. कट-ऑफ एक लिटर इकडे-तिकडे होऊ शकतो. दहा लिटरवर मोजलंत तर दहा टक्क्यांची चूक होते, शंभर लिटरच्या एकूण हिशोबावर एकच टक्का. तेव्हा एका टाकीवर निकाल देऊ नये, तीन-चार टाक्यांची बेरीज करावी. पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकणाऱ्यांनी ॲव्हरेजवर मत देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सकाळी लवकर भरलं की थंड पेट्रोल जास्त मिळतं, हेही सोडून द्या. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य असतो.

टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना बघावी. ३३ ऐवजी २५ वर चालवत असाल तर दोनेक टक्के तिथे जातात आणि टायर कडेने झिजतात ते वेगळंच. ट्रकला रेडियल टायरने फरक पडतो, उंच भरलेल्या मालावर फडफडणाऱ्या ताडपत्रीनेही.

टायरचं आणखी एक. मीटर चाकांचे फेरे मोजतो, रस्ता नाही. टायर झिजला की घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात फेरे जास्त होतात आणि मीटर एक-दोन टक्के जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे गुळगुळीत टायरवर ॲव्हरेज कागदावर सुधारतं आणि नवे टायर टाकल्याच्या आठवड्यातच ‘टायरने ॲव्हरेज पाडलं’ अशी तक्रार येते. खात्री करायची असेल तर एक्स्प्रेसवेवर कडेच्या किलोमीटरच्या पाट्यांशी वीसएक किलोमीटर मीटर ताडून पाहा, आणि येईल तो फरक पुढच्या प्रत्येक हिशोबात धरा.